रंग लावलेल्या कोंबड्या

आमच्या चिरंजीवांना सध्या एकच काम आहे. सकाळी उठायचं, तोंड न धुता झाडू घ्यायचा आणि रिकामी शेड झाडायची. शेडमध्ये पीस नाही, दाणा नाही, घाण नाही. वर्ष झालं, त्या फरशीवरून एक कोंबडी चाललेली नाही. तरी हा या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडतो. कचरा नसतो, म्हणून धूळच एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेतो. मग चहाला येऊन असा बसतो, जसा काही डोंगर फोडून आलाय.

पहिले पंधरा दिवस मी बोलले नाही. म्हटलं, नुकसान झालंय माणसाचं, करू दे. मग बोलले. "राजे, ती शेड आहे, आरसा नव्हे. किती घासाल?" त्याने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडली. तो भांडत नाही. भांडला असता तर बरं होतं, भांडणाऱ्याला वळवता येतं. हा भिजलेल्या पोत्यासारखा. टाकाल तिथे पडून राहतो, उचलायला गेलं की आपलीच कंबर मोडते.

ते झाडणंही मी सोसलं असतं. पण यंदा फ्लूची साथ आली आणि हा माझ्या नातीला लस देऊ देईना.

नात सहा वर्षांची. तिला चांगलं नाव ठेवलंय, पण जन्मल्यापासून असं काही ओरडते की शाळेतल्या बाईसुद्धा आता टिटवीच म्हणतात. पहिल्या आठवड्यात तिच्या वर्गातली चार मुलं घरी बसली, दुसऱ्या आठवड्यात चौदा. मग शाळेने कागद पाठवला. लहान मुलांना दवाखान्यात फ्लूची लस मिळेल, आई किंवा बाप, एकाची सही हवी, शुक्रवारपर्यंत. पुढची लस कधी येईल ते सांगता येत नाही.

मी तिसरीपर्यंत शिकले. कागद मला वाचता येतो, वेळ लागतो एवढंच. हा कागद मी चार वेळा वाचला आणि फ्रीजच्या दारावर लोहचुंबकाखाली लावला, जाता-येता दिसेल असा. सोमवारी लावला. मंगळवारी तिथेच. बुधवारी तिथेच. सही नाही.

बुधवारी संध्याकाळी सून कामावरून आली. ती बस डेपोत तिकिटाच्या खिडकीवर बसते. आली की आधी कोपरापर्यंत हात धुते, मग बोलते. त्या दिवशी हात धुता धुताच बोलली.

"आई, तुम्ही सांगा ना यांना."

"का? तुझं तोंड खिडकीत विसरून आलीस काय?"

"सही मी करू शकते हो. आत्ता करते. पण उद्या तिला साधा ताप आला, अंगावर एक पुरळ उठलं, तर यांच्या डोळ्यांत जन्मभर तेच बघावं लागेल मला. हे बोलणार नाहीत. बोलणारे असते तर कधीच सही करून मोकळी झाले असते."

हे खरं होतं. सून माझी हुशार आहे. तसं तिला मी कधी सांगितलेलं नाही, डोक्यावर बसेल.

मुलगा मोरीपाशी झाडू धूत होता. कोरा झाडू. मी त्याच्यामागे जाऊन उभी राहिले.

"कागदाचं काय?"

"बघू."

"बघू म्हणजे? शुक्रवार काय तुझ्यासाठी थांबणार आहे?"

"तिचं नाक वाहतंय. मलूल पक्ष्याला सुई लावायची नाही. तूच शिकवलंस."

"ती पक्षी आहे का?"

त्याने झाडू झटकला. माझ्या पायावर पाणी उडालं, ते त्याला दिसलंही नाही.

"नाक वाहत नसतं तरी नको. लस काय असते ते मी पाहिलंय, आई. दोन हजार तीनशे वेळा पाहिलंय."

माझ्या तोंडाला तोंड देणारा या गल्लीत कोणी नाही, पण या एका वाक्यापुढे मी वर्षभर गप्प बसत आलेय.

झालं होतं ते असं. आमच्या दोन शेडी. लहान शेडमध्ये चारशे कोंबड्या, त्यांच्या अंड्यांवर घर चालतं, ते मी बघते. मोठी शेड मुलाची. गेल्या उन्हाळ्यात त्याने तिथे दोन हजार तीनशे तलंगा वाढवल्या होत्या, महिन्याभरात अंड्यावर येतील अशा. तेव्हा आसपास मानमोडी फिरत होती. या रोगात कोंबडीची मान उलटी वळते आणि ती आभाळाकडे बघत मरते. तिच्यासाठी मांडीत सुई टोचावी लागते, एकेका पक्ष्याला. आमची पद्धत ठरलेली. पहाटे, अर्धवट अंधारात, कोंबड्या सुस्त असताना सुरू करायचं. मुलगा पकडतो, मी टोचते, सून पंखाला निळा रंग लावते, म्हणजे कोणाला झालं नि कोणाचं राहिलं ते कळतं. धर, टोच, रंग, सोड. माझा हात असा चालतो की कोंबडीला कळायच्या आत ती जमिनीवर असते. यात माझ्याशी कोणी बरोबरी करू नये.

दोन दिवसांत सगळ्या टोचल्या. सोळाव्या दिवशी पहिली मान वळली. त्यानंतर नऊ दिवसांत शेड रिकामी झाली. खड्डा खणला, चुना टाकला. मुलगा घमेली भरायचा, मी ओतायची. प्रत्येकीच्या पंखाला निळा रंग होता. एकीलाही विसरलो नव्हतो.

लस आणून देणारा माणूस चष्मेवाला. आठ वर्षं स्कूटरवर बर्फाची पेटी बांधून सगळ्यांना लस पोचवायचा. मुलगा भर बाजारात त्याच्या दुकानी गेला आणि त्याची कॉलर धरली. आयुष्यात माझ्या मुलाने कोणाची कॉलर धरली ती तेवढीच. "खोटी लस विकतोस," म्हणाला. दहा-बारा पोल्ट्रीवाले ऐकत होते. चष्मेवाल्याने कॉलर सोडवून घेतली नाही. एवढंच विचारलं, "फ्रीजमध्ये कुठे ठेवली होती?"

मी मुलाच्या मागे उभी होते. मी म्हटलं, "कुठे म्हणजे? फ्रीजमध्ये."

दोन महिन्यांत त्याचं दुकान बसलं. आता तो एका दाण्याच्या गोदामात पोती मोजतो.

गुरुवारी अकरा वाजता शाळेतून निरोप आला, टिटवी खोकतेय, घेऊन जा. सून कामावर, मुलगा खाद्य आणायला गेलेला. मी गेले आणि घरी न आणता तिला परस्पर दवाखान्यात नेलं.

दवाखान्यात बाकावर बसायला जागा नव्हती. मुलं आयांच्या मांडीवर अशी पडली होती की हातपाय कोणाचे ते कळेना. रडत कोणी नव्हतं. चाळीस मुलं असलेल्या खोलीत रडण्याचा आवाज नाही. असली शांतता मला माहीत होती. टिटवीसुद्धा गप्प झाली.

नर्स बाई माझ्या सुनेच्या वयाची, डोळ्यांखाली काळं. तिने टिटवीच्या कानात काहीतरी धरलं, छाती ऐकली.

"ताप नाही. साधी सर्दी आहे. लस घेतलीय का?"

"सर्दीत चालते?"

"एवढ्याशा सर्दीला चालते. ताप असता तर थांबलो असतो. पहिल्यांदाच घेतेय ना? मग दोनदा घ्यावी लागेल, महिन्याने पुन्हा. लागू पडायला दोनेक आठवडे जातात, म्हणून आजच देऊन टाकू. कागद आणलाय?"

"कागद घरी आहे. दुसरा द्या, मी सही करते."

"आजीची सही चालत नाही."

"का चालत नाही? याच हाताने हिच्या बापाला वाढवलंय."

"मग त्यालाच पाठवा," ती म्हणाली. हसून म्हणाली, पण मला लागलं. तोपर्यंत ती कोपऱ्यातल्या फ्रीजकडे वळली होती. दार उघडलं, आतल्या तापमानाच्या काट्यावर नजर टाकली, दार लावलं, दारावरच्या वहीत आकडा लिहिला. थोड्या वेळाने दुसऱ्या मुलासाठी बाटली काढताना पुन्हा काटा पाहिला.

"इतक्यांदा काय बघता?" मी विचारलं.

"गरम झाली तर वाया जाते. गोठली तरी वाया."

"गोठली तर जास्त टिकत असेल ना? बर्फात सगळंच टिकतं."

"आजी, ही लस एकदा गोठली की मेली. पुन्हा पातळ झाली तरी उपयोग नाही. परवा एक खोका मागच्या बर्फाला चिकटला, अख्खा टाकून दिला."

"वरून कळतं?"

"कधी कळतं, कधी नाही. म्हणून तर काटा." तिने पुढच्या मुलाला हाक मारली.

मी टिटवीला घेऊन बाहेर आले. पायरीवर बसले. टिटवी म्हणाली, "आजी, चल ना." मी म्हटलं, "चप्पल चावतेय, थांब." चप्पल चावत नव्हती.

मला नवीन काही कळलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात लस आली त्या दिवशी दुपारी वीज गेली. सहा तास आली नाही. खालच्या कप्प्यात हात घातला तर कोमट. बर्फाचा कप्पा मात्र गार होता. मी सगळ्या बाटल्या उचलून बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. कोणाला विचारलं नाही. चाळीस वर्षं कोंबड्या पाळल्यात, मी कोणाला विचारू? संध्याकाळी वीज आली, बाटल्या तिथेच राहिल्या. पहाटे काढल्या तर दगड. कोमट पाण्यात ठेवल्या. सुटल्या तेव्हा वर तेल, खाली पाणी, फाटलेल्या दुधासारखं. लस आधी कशी होती ते मला माहीत होतं, एकसारखी पांढरी. फाटलेलं दूध हलवून सरळ होत नाही हेही माहीत होतं. तरी हलवलं.

मुलाने विचारलं होतं, "आई, बाटली अशी का दिसतेय?"

"अंधार आहे म्हणून," मी म्हटलं. "धर."

आणि त्याने धरली. पहिली, दुसरी, दोन हजार तीनशे.

वर्षभर हे माझ्यापाशी होतं. रडू आलं नाही, झोप गेली नाही. जेवत होते, सुनेला टोमणे मारत होते, अंडी मोजत होते. दात काढायच्या आधी डॉक्टर हिरडी बधिर करतात तसं काहीतरी झालं होतं. जीभ लावून बघावी, तिथे आहे ते कळतं, दुखत नाही. पायरीवर बसूनही दुखलं नाही. एवढाच फरक पडला, की आता ते आणखी एका बाईलाही माहीत होतं, आणि तिला माहीत नव्हतं की तिला माहीत आहे.

घरी आले. मुलाला काही सांगितलं नाही. सांगते, सांगते म्हणत तोंडात शब्द गोळा केले, तर निघालं काय, "खाद्य महाग झालं का?"

"हो," तो म्हणाला.

संध्याकाळी सून आली आणि हात न धुताच खुर्चीत बसली. टिटवीच्या बाकावर जी गोबरी मुलगी बसते, तिला मोठ्या हॉस्पिटलात हलवलं होतं. नळी लावली होती. गोबरीची आई डेपोत सुनेच्याच खिडकीवर आली होती, हॉस्पिटलकडे जाणाऱ्या बसचं तिकीट काढायला.

"काय बोलली?" मी विचारलं.

"एक जायचं द्या, म्हणाली. परतीचं विचारलं तर म्हणाली, माहीत नाही."

मुलाने ताट पुढे सरकवलं. तो जेवलाच नव्हता. उठून टिटवीच्या कपाळाला हात लावून आला. पुन्हा बसला. पुन्हा उठला, पुन्हा हात लावला. चार वेळा. सून त्याच्याकडे बघत होती आणि मी फ्रीजकडे. कागद तिथेच होता.

"उद्या शेवटचा दिवस," सून म्हणाली.

"आणि ती लसही खोटी निघाली तर?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "मी धरायचं, त्यांनी टोचायचं, आणि मग नऊ दिवस मी बघत बसायचं? मी एकदा धरलंय. आता माझ्याने धरवत नाही."

तेव्हा मला कळलं, हा काय झाडतो ते. तरीही मी बोलले नाही. माणसाची जीभ सत्तर वर्षं एका बाजूला चालली की दुसऱ्या बाजूला वळत नाही.

शुक्रवारी सकाळी मी लहान शेडमध्ये अंडी गोळा करून आले तर टिटवी अंगणात पायरीवर बसलेली. शाळा बंदच केली होती. फ्रॉक वर घेतलेला, आणि डाव्या मांडीवर तळहाताएवढा निळा डाग. दोन्ही दंडांवर निळे पट्टे. शेजारी रंगाचा डबा. गेल्या वर्षीचा. तो मी माळ्यावर टाकला होता, कसा काढला कोण जाणे.

"हे काय केलंस गं?"

"मी माझं मला लावलं." ती ओरडली नाही. हळू बोलली, म्हणून मला ते जास्त ऐकू आलं. "बाबा म्हणाले होते, रंग लावला की झालं. मग काही होत नाही. आजी, डब्यात थोडा उरलाय. गोबरीला नेऊन देऊ?"

मी अंड्यांचा ट्रे खाली ठेवला. नीट ठेवला, एकही फुटलं नाही. तिच्या मांडीवरून पदर फिरवला. तो रंग निघत नाही. कोंबडी पिसं टाकते तेव्हाच जातो, नाहीतर खड्ड्यात जातो.

"चल," म्हटलं.

"कुठे?"

"बापाकडे."

फ्रीजवरचा कागद काढून घेतला. सून आंघोळीला गेली होती. टिटवीला मोठ्या शेडच्या दारात उभं केलं, "इथून हलायचं नाही," म्हटलं आणि आत गेले. मुलगा मधोमध झाडत होता. वर्षभर त्या शेडमध्ये मी पाऊल टाकलं नव्हतं. फरशी इतकी स्वच्छ की माझ्या पायांचे ठसे उमटले. त्याने ते पाहिले आणि सवयीने झाडू तिकडे वळवला.

"थांब. ऐक. मधे बोलू नकोस, मला पुन्हा सांगता येणार नाही."

तो थांबला.

"लस चांगली होती. चष्मेवाल्याने बर्फाच्या पेटीत आणून दिली होती. वीज गेली तेव्हा मी ती वरच्या कप्प्यात टाकली, बर्फात. रात्रभर गोठली. सकाळी पाण्यात ठेवून पातळ केली. वर तेल आलं होतं, ते मी हलवून मोडलं. तू विचारलंस तेव्हा अंधाराचं नाव सांगितलं. गोठलेली लस मेलेली असते. काल दवाखान्यातल्या बाईने सांगितलं. पण मला तेव्हाच वाटलं होतं."

मला वाटलं तो ओरडेल. ओरडावं असंही वाटलं. तो झाडूच्या दांड्याकडे बघत राहिला. शेडच्या पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची नखं ऐकू येत होती.

"तेव्हाच?" तो म्हणाला.

"हो."

"मी त्याची कॉलर धरली, आई. सगळ्यांसमोर."

"हो."

"तू मागे उभी होतीस."

"हो. त्याच्याकडे जायचंय मला, बाजारातच जायचंय, लोक असताना. ते माझं मी बघेन. दवाखाना बाराला बंद होतो."

तो हलला नाही. दारातून टिटवीने विचारलं, "बाबा, बघा, मी रंग लावलाय, चांगला लागलाय ना?" त्याने मान वर केली. तिच्या मांडीवरचा, दंडांवरचा निळा रंग त्याला दिसला. त्याचा चेहरा मी नऊ दिवस घमेल्यांच्या वरून पाहिलेला आहे. तसाच झाला. पण हात अजून झाडूवरच.

मी जवळ गेले. कागद त्याच्या खिशात कोंबला. झाडू धरला आणि ओढला, त्याने सोडला नाही, मीही सोडला नाही.

"हे बघ, राजे," मी म्हटलं. "चूक माझी. ती मी केली, वर्षभर लपवली आणि आता सांगितली. तिची जी शिक्षा द्यायची ती दे, बोलू नकोस माझ्याशी, ताट वेगळं कर, मी तक्रार करणार नाही. पण मूर्खपणा तुझा आहे, आणि तो अजून चालू आहे. मेलेल्यांची फरशी पुसतोस आणि जितं लेकरू स्वतःला रंग फासून दारात उभं आहे. सोड झाडू. सही कर. तिला धरायला तूच चल. तेव्हाही तू बरोबरच धरलं होतंस, हात माझा चुकला होता."